सुरुंग, सुभेदार आणि सिनेमा

युद्ध करणं अवघड की युद्धवीराच्या आयुष्यावर चित्रपट काढणं अवघड, असं मला कोणी विचारलं तर क्षणाचाही विलंब न लावता मी दुसरं अवघड असं सांगेन. हे उत्तर धाडसाचं आहे याची मला कल्पना आहे. मी दोन्हींपैकी काहीच केलेलं नाही. युद्धाचा माझा अनुभव नळाला पाणी येतं त्या अर्ध्या तासापुरता आणि चित्रपटाचा अनुभव तिकिटाच्या खिडकीपासून पुढचा. पण टीका करायला अनुभव लागतो असं ज्यांना वाटतं त्यांनी पुण्यात राहूच नये.

त्यातून मी राहतो विश्रांतवाडीला. नावावर जाऊ नका. इथे विश्रांती मिळते ती वाहनांना, आणि तीही भर चौकात. बाकी आमची वाडी लष्कराच्या पंगतीला बसलेली आहे. एका अंगाला दिघी, दुसऱ्या अंगाला लोहगावचा विमानतळ आणि नदी ओलांडली की खडकी. खडकीला ‘बॉम्बे सॅपर्स’चं, म्हणजे लष्करातल्या इंजिनिअर मंडळींचं केंद्र १८६९ पासून आहे. तिथून निवृत्त होताना ‘इथंच कुठंतरी दोन खोल्या बघू’ असं म्हणणारे फौजी आमच्याकडे येऊन स्थायिक झाले. त्यामुळे सकाळी फिरायला निघालं की समोरून येणारा दर तिसरा माणूस पोट आत घेऊन चालत असतो. आमच्या सोसायटीत पाण्याची सूचना ‘०५४५ ते ०६१५’ अशी लागते आणि ०६१५ ला पाणी खरोखरच बंद होतं.

अशा वस्तीत युद्धपट सुखानं बघण्याची सोय राहत नाही. माझ्या शेजारी एक निवृत्त सुभेदारसाहेब राहतात. मूळचे सातारा जिल्ह्यातले, नोकरी सॅपर्समध्ये, एकाहत्तरच्या लढाईत होते. माणूस अतिशय प्रेमळ. पण चित्रपटगृहात त्यांच्या शेजारी बसणं म्हणजे शिधापत्रिकेच्या रांगेत वकील बरोबर नेण्यासारखं आहे. पडद्यावर नायक शत्रूच्या ठाण्याकडे सरकत असतो, पार्श्वसंगीतानं आपला श्वास रोखलेला असतो, आणि अंधारातून आवाज येतो, “पट्टा सुटलाय.”

“कुणाचा?”

“त्याच्या हेल्मेटचा. पट्टा न लावता हेल्मेट घातलं की पडल्यावर ते आधी जातं, मग डोकं जातं.”

एकदा हे ऐकलं की पुढच्या सगळ्या हेल्मेटांचे पट्टेच दिसू लागतात. मग, “एवढ्या जवळजवळ चालतात व्हय? एक गोळा पडला तर अख्खी सेक्शन खलास.” यावर मी त्यांना सांगून पाहिलं की, अहो, सगळ्यांना एका चौकटीत बसवायचं म्हणजे जवळजवळ चालवावं लागतं, खरं अंतर ठेवलं तर पडद्यावर एकच जवान उरेल आणि बाकीचे शेजारच्या पडद्यावर दिसतील. ते त्यांना पटलं नाही. हातबाँबची पिन नायकानं दातांनी उपटली तेव्हा तर ते माझ्याकडे वळून म्हणाले, “दात कुठं बसवून घेतले ते विचारा त्याला.” पुढच्या रांगेतल्या बाईंनी आमच्याकडे असं पाहिलं की, त्या नजरेपुढे शत्रूनंही पांढरं निशाण काढलं असतं.

पण या झाल्या बारीकसारीक गोष्टी. पट्टे बांधता येतात, दात वाचवता येतात. युद्धवीरावरचे चित्रपट अडतात ते दुसरीकडे, आणि ते कुठे हे मला सुभेदारसाहेबांमुळेच उमगलं.

पहिली अडचण अशी की, खरा वीर पटकथेला लागतं ते काहीच देत नाही. एकदा मी त्यांना सरळ विचारलं, “सुभेदारसाहेब, एकाहत्तरला तुम्ही नक्की काय केलंत?” ते थोडा वेळ गप्प राहिले. मला वाटलं, आता येणार! डोळ्यांत पाणी, बर्फ, मित्राचं शेवटचं पत्र, काहीतरी येणार. ते म्हणाले, “पूल बांधला.”

“मग?”

“गाड्या गेल्या.”

संपलं! एवढंच आत्मचरित्र. यावर अडीच तासांचा चित्रपट कसा काढणार? मुळात फौजेतली मंडळी अहवाल लिहायला शिकलेली असतात, आणि चांगल्या अहवालात विशेषणं नसतात. उलट पटकथा विशेषणांवरच चालते.

हा आपल्याकडचाच विनय आहे असंही नाही. अमेरिकेत सार्जंट अल्विन यॉर्क नावाचा गृहस्थ होऊन गेला. पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१८ मध्ये, त्यानं आणि त्याच्या मूठभर सोबत्यांनी १३२ जर्मन कैदी पकडून आणले. चित्रपटवाले त्याच्या मागे लागले, आणि हा पठ्ठ्या वीस वर्षांहून जास्त काळ ‘नाही’च म्हणत राहिला. शेवटी गावात बायबलची शाळा काढायला पैसे हवेत म्हणून तयार झाला आणि १९४१ साली ‘सार्जंट यॉर्क’ निघाला. ज्याला तोफा हलवू शकल्या नाहीत त्याला शाळेच्या इमारत निधीनं हलवलं. आपल्याकडच्या मुख्याध्यापकांना यात नवल वाटणार नाही.

दुसरा तिकडचाच ऑडी मर्फी. दुसऱ्या महायुद्धातला पदकांनी लगडलेला सैनिक. त्याच्यावर १९५५ साली ‘टु हेल अँड बॅक’ निघाला, आणि त्यात मर्फीची भूमिका मर्फीनंच केली. वाटेल की प्रश्न मिटला; यापेक्षा अस्सल नट कुठून आणणार? पण तो चित्रपट पदकापाशी संपतो. खरा मर्फी पदकानंतरही रात्री उशाशी भरलेलं पिस्तूल घेऊन झोपत होता, आणि लढाईनं मनाला काय होतं यावर पुढे उघडपणे बोलला. म्हणजे स्वतः नायक कॅमेऱ्यासमोर उभा असूनही चित्रपटाला त्याची रात्र दिसली नाही. ती दाखवली असती तर शेवटी टाळ्या कशा पडणार?

दुसरी अडचण घोरपडीची. सिंहगडाच्या लढाईत तानाजी मालुसऱ्यांनी यशवंती घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची कथा आपण सगळे ऐकत आलो. इतिहासकार त्या घोरपडीकडे संशयानं पाहतात. पण तुम्ही चौथीच्या वर्गात जाऊन विचारा. किल्लेदाराचं नाव निम्म्यांना येणार नाही, लढाईचं साल एखाद्यालाच येईल, घोरपडीचं नाव मात्र सगळा वर्ग एका सुरात सांगेल. माझी घोरपडीबद्दल तक्रार नाही. गोष्ट सांगणाऱ्याला कडा चढायला काहीतरी लागतंच. डफावर थाप मारून चार गावं जागी ठेवणाऱ्या शाहिराला लागत होतं, तसंच ते दिग्दर्शकालाही लागतं. फक्त वर पोचल्यावर दोर सोडून लढायचं असतं. आपले पुष्कळ चित्रपट घोरपडीलाच लटकून राहतात आणि गड तसाच राहतो.

उदाहरण द्यायचं तर ‘बॉर्डर’चं देतो. जे. पी. दत्तांचा १९९७ सालचा हा चित्रपट मी तीनदा पाहिला आहे आणि तिन्ही वेळा मूठ आवळून पाहिला आहे. लोंगेवालाची १९७१ ची लढाई. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांच्या थोड्या जवानांनी रणगाड्यांच्या ताफ्यापुढे रात्रभर ठाणं सोडलं नाही. आता खरी गोष्ट अशी की, त्या रात्री आपले दोन जवान कामी आले. दोनच. इतक्या विषम लढाईत दोनच माणसं गमावणं हा खरं तर चमत्कार, आणि त्याचं श्रेय चांगल्या जागी खणलेल्या मोर्च्यांना, डोकं शांत ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला आणि उजाडताच आलेल्या विमानांना. पण पडद्यावर चमत्कारापेक्षा चिता जास्त उठून दिसते. तेव्हा चित्रपटात एकामागून एक माणसं धारातीर्थी पडतात.

त्यांत सीमा सुरक्षा दलाचे भैरोंसिंगही पडतात. सुनील शेट्टीनं ते काम केलं, आणि चित्रपटगृहात बायाबापड्या रडल्या. गंमत अशी की, खरे भैरोंसिंग राठोड राजस्थानात हयात होते! डिसेंबर २०२२ मध्ये, ८१ व्या वर्षी वारले. म्हणजे स्वतःच्या पडद्यावरच्या मरणानंतर ते पंचवीस वर्षं जगले. कल्पना करा. गावात कोणी नवीन पाहुणा येतो, ओळख करून दिली जाते, पाहुणा आदरानं हात जोडतो आणि विचारतो, “पण तुम्ही तर गेलात ना?” याला काय उत्तर द्यायचं?

ही विनोदाची गोष्ट म्हणून मी ती सुभेदारसाहेबांना सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, “मेलेला सगळ्यांना आवडतो. त्याला पेन्शन द्यावी लागत न्हाई.”

चहा निवला, पण हे वाक्य काही निवलं नाही. आपल्याला वीर आवडतो तो चौकटीत आणि हाराखाली. तोच वीर रेशनच्या पिशव्या घेऊन रस्ता ओलांडू लागला की आपण हॉर्न वाजवतो.

इथे तिसरी आणि सगळ्यांत मोठी अडचण येते: घड्याळाची. पराक्रम घडतो काही मिनिटांत, फार तर काही तासांत. आयुष्य असतं साठ, सत्तर, ऐंशी वर्षांचं. चित्रपट काय करतो? मिनिटांचे तास करतो आणि वर्षांची मिनिटं करतो.

याची परीक्षा घ्यायला आपल्या मराठी मुलखातलंच एक आयुष्य पुरेसं आहे. मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरजवळच्या पेठचा, १९४४ सालचा जन्म. कुस्तीची आवड, फौजेत भरती, फौजेत मुष्टियुद्ध. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्यात गेली आणि कमरेखालचा भाग गेला. हा माणूस पोहायला शिकला आणि १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याचं सुवर्णपदक ३७.३३ सेकंदांत घेऊन आला. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्णपदक. मग देश हे सगळं विसरला. पद्मश्री मिळाली २०१८ ला.

त्यांच्या आयुष्यावर कबीर खान यांनी ‘चंदू चॅम्पियन’ काढला. तो जून २०२४ मध्ये लागला; पेटकर तेव्हा ७९ वर्षांचे होते. आमच्या वाडीतून हा चित्रपट पाहायला एक आख्खी तुकडीच गेली. सुभेदारसाहेब नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी.

चित्रपट चांगला आहे हे आधी सांगून टाकतो, कारण टीकाकारानं चांगलं आधी सांगितलं की पुढचं ऐकून घेतात. कार्तिक आर्यननं शरीर कमावलं आहे आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चेहऱ्यावरचा शहाणपणा उतरवून ठेवला आहे. गावाकडचा भाबडा हट्ट त्याला जमला आहे. विजय राजचा प्रशिक्षक तर असा की, त्याच्या धाकानं मीही दुसऱ्या दिवशी पाच जोर काढले. हल्ल्याचा प्रसंग सात-आठ मिनिटं मध्ये कुठेही न तोडता सलग घेतला आहे, आणि त्यात नायक ओरडत नाही, भाषण करत नाही, गोंधळून धावतो. सुभेदारसाहेब या प्रसंगात पट्ट्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी चोरून पाहिलं, ते खुर्चीच्या कडेला आले होते. हे प्रशस्तिपत्र कुठल्याही वर्तमानपत्रातल्या चार ताऱ्यांपेक्षा मोठं आहे.

घोरपडी यातही आहेत. आगगाडीत भरतीला निघालेली पोरं एकाएकी तालावर नाचू लागतात. मी आयुष्यभर दुसऱ्या वर्गानं प्रवास केला. त्या डब्यात पाय ठेवायला जागा मिळाली तर माणूस नवस फेडतो, नाचायला कुठून मिळणार? पण ते असो. पोरं आहेत, नाचू द्या.

माझं भांडण घड्याळाशी आहे. १९६५ पर्यंतच्या उड्या, मारामाऱ्या, मैत्री यांना चित्रपटानं हात सैल सोडून वेळ दिला. ३७ सेकंदांची शर्यत लांबवली. ती लांबणारच, तिथे माझंही काळीज पाण्यात होतं. पण १९७२ ते २०१७ ही ४५ वर्षं? त्यांना मिळालं पोलिस ठाण्यातलं बाकडं. म्हातारे पेटकर ‘मला अर्जुन पुरस्कार का दिला नाही’ म्हणून थेट राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार नोंदवायला येतात आणि तिथे बसून कहाणी सांगतात. कल्पना झकास आहे. आपल्याकडे सायकल चोरीला गेल्याची तक्रार नोंदवून घेताना साहेबांचा जेवणाचा डबा निवतो, तिथे राष्ट्रपतींविरुद्ध! पण ही चौकट झाली, चित्र नव्हे. चाकांच्या खुर्चीत बसून सकाळी उठणं, कामावर जाणं, पोरांची लग्नं पाहणं, पाऊस आला की उंबरठ्याशी अडणं, लोकांनी पदकाविषयी न विचारणं, आणि तरीही कडू न होणं, हे ४५ वर्षं रोज करायला जे लागतं त्याला काय म्हणायचं? सांगलीकडे त्याला जिगर म्हणतात. पडद्यावर जिगर दिसली ती पाण्यात. ती जास्त जमिनीवर होती.

आपलं दुर्लक्ष किती पक्कं होतं पाहा. ज्या अर्जुन पुरस्कारासाठी पडद्यावरचे पेटकर ठाण्यात गेले तो खऱ्या पेटकरांना जीवनगौरव म्हणून मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, चित्रपट लागल्यावर सातव्या महिन्यात. चित्रपटामुळे मिळाला असा माझा दावा नाही. मी फक्त तारखा शेजारी-शेजारी ठेवल्या. आणि म्हणूनच चित्रपटांना नुसत्या शिव्या घालायला माझं मन धजत नाही. आमच्या वाडीतल्या निम्म्या लोकांना पेटकर हे नाव त्या चित्रपटानं कळलं. घोरपडीवरून का होईना, कोणीतरी कडा चढला.

मध्यंतरानंतर आणखी एक गोष्ट झाली. गोळी लागण्याच्या प्रसंगाला सगळं सभागृह हळहळलं. सुभेदारसाहेबांनी डोळे पुसले ते इस्पितळातल्या प्रसंगांत, राजपाल यादवचा तो सेवक रुग्णाची उस्तवार करतो तेव्हा. बाहेर आल्यावर म्हणाले, “गोळी लागायला काय लागतं? ती आपणहून येती. पुढचं आपल्याला करावं लागतं.” त्यांचा एक जुना सोबती खडकीच्या केंद्रात आहे. पाठीचा कणा दुखावलेल्या जवानांसाठी हे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून चालू आहे. तिथे हात न चालणारे जवान तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात, चाकांच्या खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळतात. सुभेदारसाहेब महिन्यातून एकदा तिकडे जातात. काय बोलता, असं मी विचारलं. “काय बोलायचं? पत्ते खेळतो. तो हरला की चिडतो.” वीराच्या आयुष्यातला हा प्रसंग मला एकदा पडद्यावर पाहायचा आहे. पत्त्यांत हरल्यावर चिडणारा वीर.

घड्याळाचं गणित ज्यांनी उलटं मांडून पाहिलं असे दिग्दर्शकही आहेत. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल बसंतरच्या रणगाडा लढाईत १६ डिसेंबर १९७१ ला गेले, वय २१. त्यांच्यावर श्रीराम राघवन यांनी ‘इक्कीस’ केला. त्यात मुलाच्या रणगाड्याइतकीच जागा म्हाताऱ्या वडिलांना आहे. हे वडील २००१ साली पाकिस्तानात गेले आणि ज्याच्या घरी उतरले त्या ब्रिगेडियरनंच त्यांना सांगितलं की, त्या दिवशी तुमच्या मुलासमोर मी होतो. ही घोरपड नव्हे, हे घडलेलं आहे. त्यातलं धैर्य तीस वर्षं मुरलेलं आहे आणि ते दाखवायला एकही गोळी लागत नाही. वडिलांचं काम धर्मेंद्रनं केलं. ज्यानं आयुष्यभर पडद्यावर मुठी चालवल्या त्याला शेवटी नुसतं ऐकत बसायचं काम मिळालं, आणि ते त्यानं केलं.

आता ज्यासाठी हा सगळा प्रपंच मांडला तिकडे येतो. आमच्या नदीपलीकडच्या बॉम्बे सॅपर्समधलाच एक वीर आहे, ज्याच्यावर चित्रपटगृहात तिकीट काढून पाहावा असा चित्रपट अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडिया गावचे, १९१८ चा जन्म. १९४० साली साधे जवान म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले, डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले आणि चारच महिन्यांत, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेरा-राजौरी रस्त्यावर त्यांनी जे केलं त्याबद्दल त्यांना परमवीर चक्र मिळालं. तेही जिवंतपणी.

त्यांनी काय केलं? रस्ता केला.

रणगाडे राजौरीला न्यायचे होते आणि वाटेत शत्रूनं सुरुंग पेरले होते, झाडं तोडून आडवी टाकली होती, रस्ता उडवून दिला होता. ८ एप्रिलला काम सुरू होताच तोफांचा मारा झाला. राण्यांच्या तुकडीतले दोघे मेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. ते काही मागे गेले नाहीत. पुढचे तीन दिवस जवळजवळ सलग, गोळीबारात, हातांनी सुरुंग उचल, झाडं हटव, वळणाची वाट खण, असं करत त्यांनी ११ तारखेच्या रात्रीपर्यंत चिंगस गाठून दिलं. एका ठिकाणी ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरून त्याच्याबरोबर सरपटत गेले. चालकाला खुणावायला दोन दोऱ्या, एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल, असं सांगतात. १२ तारखेला राजौरी हाती आलं.

मी मनातल्या मनात एका निर्मात्याला ही गोष्ट सांगून पाहिली.

“वा!” निर्माता म्हणाला. “हिरो कुठे आहे?”

“रणगाड्याखाली.”

“मग त्याचा चेहरा कसा दिसणार?”

“दिसणार नाही. ते महत्त्वाचं आहे. दिसला असता तर मेला असता.”

“बरं, व्हिलन?”

“सुरुंग.”

“तो बोलत नाही?”

“एकदाच बोलतो.”

“हिरो किती माणसं मारतो?”

“मारत नाही. रस्ता करतो.”

“इंटरव्हलला काय होतं?”

“अर्धा रस्ता होतो.”

“आणि शेवटी?”

“उरलेला अर्धा.”

निर्मात्यानं चहाचे पैसे दिले आणि तो गेला. काल्पनिक असल्यामुळे पैसे तरी दिले.

तशी देशानं राण्यांची आठवण ठेवली नाही असं म्हणता येणार नाही. १९८४ साली शिपिंग कॉर्पोरेशननं एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं. जानेवारी २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटाला दिलं. पाण्यावर सोय झाली, पाण्याच्या मध्येही झाली; पडद्यावर मात्र जागा नाही. बरं, हे एकट्या राण्यांचंच नाही. याच बॉम्बे सॅपर्सच्या कंपनीबरोबर असलेल्या प्रेमिंद्रसिंग भगत यांना १९४१ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तोही अ‍ॅबिसिनियात चार दिवस सलग सुरुंग काढत राहिल्याबद्दल. इंजिनिअर दलाचं ब्रीद आहे ‘सर्वत्र’. चित्रपटगृहं सोडून, असं कंसात लिहायला हरकत नाही.

याचं कारण शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. आमच्या घरासमोरचा रस्ता गेल्या वर्षी एका खात्यानं खणला, दुसऱ्यानं बुजवला आणि तिसऱ्यानं तो बुजवलाच कसा म्हणून पुन्हा खणला. इथे ना शत्रू, ना तोफा, ना सुरुंग. असलीच तर एखादी हरवलेली पाण्याची नळी. तरी सहा महिने लागले. रस्ता नसला की आपण दिवसरात्र रस्त्याबद्दल बोलतो. झाला की त्यावरून जातो आणि बोलणं थांबतं. सुभेदारसाहेबांना मी म्हटलं, “तुमच्या लोकांवर कोणी चित्रपट का काढत नाही?” ते म्हणाले, “चांगल्या रस्त्याची आठवण कुणाला राहती? खड्ड्याची राहती.”

मला वाटतं, चित्रपटांनी आपल्याला शौर्याची एकच खूण शिकवली: आवाज. जो जास्त मोठ्यानं ओरडतो तो जास्त शूर. खाली अंगणात आमच्या सोसायटीतली पोरं लढाई-लढाई खेळतात तेव्हा सगळ्यांना नायक व्हायचं असतं, नाइलाजानं दोघे शत्रू होतात, पण पोटावर झोपून सुरुंग शोधायला कोणी तयार नसतं. त्या पोरांना कळायला हवं की, शौर्य कधी कधी तीन दिवस माती उकरत राहण्यात असतं, कधी ४५ वर्षं खुर्चीतून उठता येत नसताना रोज सकाळी उठण्यात असतं, आणि कधी आपल्या मुलाला मारणाऱ्याच्या घरी बसून चहा घेण्यात असतं. हे त्यांना मी सांगून पटणार नाही. सुभेदारसाहेब तर सांगणारच नाहीत. ते सांगायची ताकद चित्रपटातच आहे, म्हणून तर त्याच्यावर एवढा राग येतो.

तेव्हा कोणी राण्यांवर चित्रपट काढत असेल तर त्यानं जरूर काढावा. नाच घाला, एखादी घोरपड घाला, माझी तक्रार नाही. फक्त ११ एप्रिलच्या रात्री, रस्ता झाल्यावर, रणगाडे धूळ उडवत पुढे निघून जातात तेव्हा कॅमेरा त्यांच्यामागे जाऊ देऊ नका. तो मागेच ठेवा, जखमी मांडी बांधून कडेला बसलेल्या त्या माणसावर, ज्याच्याकडे जाणारं कोणी वळून बघत नाही. एवढं कराल तर पहिल्या दिवशी मी तिकीट काढून येईन. सुभेदारसाहेबांचंही मीच काढीन. हेल्मेटच्या पट्ट्यांचं तेवढं बघून ठेवा.